चहा आणायला मीच जायचो, पण...
एजन्सीतल्या इंटर्नशिपवरच्या लेखात म्हटलंय की इंटर्नला फक्त रील कापायला बसवतात आणि चहा आणायला पाठवतात. त्यातलं रीलचं मला सरसकट पटलं नाही. संभाजीनगरच्या एका क्रिएटिव्ह (म्हणजे जाहिराती बनवणाऱ्या) एजन्सीत मी मे-जूनमध्ये होतो, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. जालन्याच्या बियाणे कंपनीचं कापसाच्या बियाण्याचं पोस्टर होतं, कृषी सेवा केंद्रात लावायला. मी लिहिलं, 'पांढऱ्या सोन्याची हमी'. स्वतःवर जाम खूश! घरी वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "अरे लेकरा, पाऊस तुझ्या हमीनं पडतो का? उगवण किती टक्के ते मोठं लिही." (1966 च्या बियाणे कायद्यानं पाकिटावर ते छापावंच लागतं, पण बारीक अक्षरात कोण वाचतंय!) दुसऱ्या दिवशी एजन्सीतल्या सरांनीही माझी ओळ खोडून उगवणीचा आकडाच मोठा केला. मानधनातून पेट्रोलही सुटलं नाही, आणि चहाचं म्हणाल तर ते मात्र लेखात अगदी खरं लिहिलंय.