तीन फुटी भिंतीचा अभिमान

सध्या आपल्याकडे दगडमातीच्या घरांची हवा आहे. जाड भिंती, कोनाडे, माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, भर उन्हाळ्यात आत गारवा, वर पर्यटकांकडून भाडं. माझ्या उमरग्याच्या आत्येभावानेही शेतात असलं घर काढलंय. घरच्या ग्रुपवर त्याने पायाचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'सिमेंटला चाळीस वर्षं, आजोबांच्या भिंतीला दोनशे.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मी इकडे न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला उठल्या उठल्या ते वाचलं आणि चहाच्या आधी उत्तर लिहायला बसलो. त्या शेतापासून किल्लारी गाडीने तासभरही नाही.

दोनशे वर्षं उभ्या असलेल्या भिंतींचे फोटो निघतात, पडलेल्यांचे कोण काढणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, तेव्हा किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती पडल्या. तीव्रता ६.२, केंद्र जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटर. खोलवरचा धक्का वर येईपर्यंत बराच जिरतो. उथळ धक्का मोजक्याच गावांना धरतो, पण धरतो ते जिवानिशी. जवळपास दहा हजार माणसं गेली.

मी तेव्हा शाळेत होतो. आमचं गाव हादरलं, पडलं नाही. वडिलांबरोबर पाहुण्यांकडे सास्तूरला गेलो, तिथली एक अर्धवट भिंत मला अजून दिसते. बाहेरचा दगडांचा थर गळून पडलेला, आतला तसाच उभा, आणि मधे नुसती माती आणि चिपा. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी ती भिंत उभी सुटली होती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच तिच्यात नव्हता. लाकडी खांब आणि तुळया कित्येक घरांत जागेवर होत्या. माणसं गाडली गेली ती भिंतींच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली.

आता क्राइस्टचर्चचा भूकंप. २२ फेब्रुवारी २०११, दुपारी १२.५१, तीव्रता तीच, ६.२. खोली तर पाचच किलोमीटर. हीथकोट व्हॅलीत खालून वर बसलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून जास्त नोंदला गेला, म्हणजे सुटा दगड जागेवरून उडावा इतका. बळी १८५. मी ग्रुपवर एवढंच टाकलं: तीव्रता सारखी, तिकडे दहा हजार, इकडे १८५. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

आत्येभाऊ गप्प बसणाऱ्यातला नाही. 'आपल्याकडे माणसं झोपेत होती, तुमच्याकडे दुपार. आणि १८५ पैकी ११५ तुमच्या सिमेंटच्याच एका इमारतीत मेले ना?' पहिल्या मुद्द्यावर मी सप्टेंबर २०१० काढला: ७.१, पहाटे साडेचारच्या सुमाराला, आणि इमारती पडून एकही जीव गेला नाही. त्याचं केंद्र शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब होतं, हे लिहिलं नाही. वादात सगळंच सांगत बसलं तर वाद कसला?

दुसऱ्या मुद्द्याला मात्र उत्तर नव्हतं. ती सीटीव्ही या इथल्या टीव्ही वाहिनीची इमारत, १९८६ ची. तिचं डिझाइनच सदोष होतं, असं चौकशी आयोगाने म्हटलं. २०१७ मध्ये पोलिसांनी खटला भरायचा नाही असं ठरवलं. मेलेल्यांत इंग्रजी शिकायला आलेली परदेशी मुलं कितीतरी होती. मी तरीही लिहिलं की इथे निदान नकाशावर सही कुणाची होती ते कळतं, आपल्याकडे गवंड्याची सही कुठे असते? हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मग तो म्हणाला, 'एकदा झाला, आता काय होणार?' हीच समजूत १९९३ च्या आधी होती. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती. २००२ साली तो झोनच काढून टाकावा लागला. २०२४ मध्ये हिंगोलीत ४.५ चे धक्के बसले, तेव्हा हेच लोक घराबाहेर पळाले होते.

दगड वापरू नकोस असं मी म्हणतच नाही. ठरावीक अंतरावर आरपार दगड घाल, खिडक्या-दारांच्या वर चारी भिंतींना धरणारा काँक्रीटचा सलग पट्टा फिरव, माळवदावर मातीचा ढीग नको. एवढंच. इथे इमारतीची भूकंपातली मजबुती नव्या इमारतीच्या निकषाच्या ६७ टक्क्यांखाली निघाली तर कित्येक भाडेकरू सामान उचलतात, आणि आपण पट्ट्याच्या सळईवरून घासाघीस करतो.

अर्थात दगडाचं वेड इथेही आहे. चौकातल्या कॅथेड्रलचा मनोरा २०११ मध्ये कोसळला. पाडायचं की उभारायचं यावर वर्षानुवर्षं भांडले, शेवटी उभारायला घेतलं आणि २०२४ मध्ये पैशांअभावी काम थांबलं. आपल्याकडे ५२ गावं नव्या जागी वसवली, भूमिहीनाला २५० चौरस फूट आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०, तर 'गल्ली गेली, गावचा पार गेला' म्हणून लोक अजून हळहळतात. मला ते रडगाणं वाटायचं. इथली माझी शेजारीण रेड झोनमधल्या, म्हणजे भूकंपानंतर सरकारने रिकाम्या केलेल्या भागातल्या, तिच्या पाडलेल्या घराच्या जागी दर उन्हाळ्यात प्लम तोडायला जाते. तिला मी कधी रडगाणं म्हटलेलं नाही.

बावीस फेब्रुवारीला रस्त्यावरच्या नारिंगी शंकूंत लोक फुलं खोचतात. ऑफिसात 'तू कुठे होतास?' सुरू होतं. मी नंतर आलेला, त्यामुळे यात मला जागा नाही. यंदा न राहवून किल्लारी सांगितली. एकाने तीव्रता विचारली, मग आकडा. दहा हजार म्हटल्यावर त्याला वाटलं मी शून्यं जास्त लावली. 'असल्या घरांत राहायचेच कशाला?' असं तो अगदी सहज बोलून गेला.

आणि मी सुरू झालो. बेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली राहून बघ म्हणालो. काळा दगड शेतातच फुकट मिळतो, रझाकारांच्या दिवसांत जाड भिंतीनेच लोकांना वाचवलं, आणि आमचे गवंडी अडाणी नव्हते, आमच्या आजोबांचं घर अजून उभं आहे. आत्येभावाने ऐकलं असतं तर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं असतं.