लाईन गेली बे, मी नाही पळालो!

काल रात्री ऑनलाइन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये 84व्या मिनिटाला मी 2-1 ने पुढे होतो. पुढे! आणि लाईन गेली. जरासा वारा सुटला की आमच्या डीपीचा फ्यूज उडतो, लाईनमनचा फोन लागत नाही. लाईन आली पहाटे साडेतीनला. डबा, म्हणजे गेमचा कन्सोल, चालू केला तर पडद्यावर काय? मॅच अर्धवट सोडली म्हणून पराभव, गुण कापले, वरून खेळायला बंदी! काऊन बे? मी सोडली का मॅच? ऑनलाइन खेळायचे महिन्याचे पैसे आधीच मोजून घेता आणि वरून मलेच भगोडा ठरवता?

त्यावर पुण्याच्या आतेभावाचा मेसेज : ‘हरायला लागलास म्हणून पळालास ना?’

डोस्कं फिरलं माझं. आणि सकाळपासून त्याचं तेच पालुपद, प्लेस्टेशन भारी की एक्सबॉक्स. प्लेस्टेशन 4 अकरा कोटींच्या वर खपला, एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने तर 2015 पासून कन्सोल किती विकले ते सांगणंच बंद केलं. असेल ना भाऊ! माझ्या गावात त्याचं काय करू? प्लेस्टेशन 3 वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं, 2013 ला 4 आला आणि ऑनलाइन खेळायला ‘प्लस’ वर्गणीचे पैसे मागू लागले. एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा, एक्सबॉक्स लाइव्ह, 2002 पासूनच पैसे घेत होतं. निन्टेंडोनेही 2018 ला तेच केलं. एवढं भांडता, मग पैसे घेताना तिघंही सारखेच कसे?

त्याच 2013 ला मायक्रोसॉफ्टने नवा एक्सबॉक्स वन दर 24 तासांनी नेटला जोडावाच लागेल, असं ठरवलं होतं. ज्याच्याकडे नेट नाही त्याच्यासाठी जुना एक्सबॉक्स 360 आहे, असं त्यांचा बडा साहेब तोंड वर करून म्हणाला. जगभरातून शिव्या पडल्या तेव्हा त्याच महिन्यात माघार घेतली. मी ते विसरलेलो नाही, विसरणारही नाही. आमच्यासारखे लोक यांच्या हिशेबातच नाहीत.

‘इन्व्हर्टर घे’ म्हणतो आतेभाऊ. सोयाबीन विकून डबा घेतला, आता इन्व्हर्टरसाठी वावर विकू? आणि लाईन गेली की दहा मिनिटांत टॉवरही बंद पडतो, त्याला कोण इन्व्हर्टर लावणार? मोबाईलचा रोजचा 2 जीबी, अपडेट 40 जीबीचं. तीन आठवडे नुसतं डाउनलोडच करत बसू काय?

दिवाळीला ये तू गावी. तुझा डबा आण, कोणताही आण. रात्री आठला मॅच लावू. लाईन गेली की मग सांग, कोण पळालं ते.