एक डिश, एक फोन आणि बाकी सगळं भंगार?

शिडाच्या नौकेने लांब पल्ल्यावर जाणाऱ्यांमध्ये एक संदेश जोरात फिरतोय. स्टारलिंकची डिश लावली की भर समुद्रात घरच्यासारखं इंटरनेट मिळतं, विंडी या अॅपवर सगळं हवामान दिसतं, नव्या फोनमध्ये उपग्रहाचा एसओएस असतो आणि घरच्यांना लाइव्ह लोकेशन कळत राहतं. तेव्हा सॅटेलाइट फोन, ग्रिब फाइल (हवामान-अंदाजाच्या आकड्यांची छोटी फाइल), ईपर्ब (संकटात उपग्रहाकडे मदतीची हाक पाठवणारा ट्रान्समीटर) आणि हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आता भंगारात काढा, असा त्याचा मथितार्थ. यातला डिशचा पहिला दावा बऱ्याच अंशी खरा आहे, म्हणूनच पुढचे दावे तपासल्याशिवाय गळी उतरतात. मुंबई किंवा गोव्याहून ओमानमधल्या सलालाहपर्यंतची, साधारण हजारभर सागरी मैलांची आणि आठ-दहा दिवसांची सफर समोर ठेवून हे दावे एकेक करून पाहू.

"डिश लावली की काम झालं"

समुद्रासाठीचा योग्य प्लॅन घेतला, तर डिश भर समुद्रात उत्तम चालते, याबद्दल वाद नाही. अडचण विजेची आहे. स्टारलिंकची नेहमीची डिश 75 ते 100 वॉट खाते. 75 वॉट धरले तरी चोवीस तासांत 1800 वॉट-अवर होतात, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 150 अँपिअर-अवर. छोटी मिनी डिश 30 वॉटच्या आसपास धरली तर 60 अँपिअर-अवर. आता पुरवठा पाहा. 200 वॉटच्या सौर पॅनेलमधून निरभ्र दिवशी 60-70 अँपिअर-अवर हाती लागतात, आणि त्यातच ऑटोपायलट, फ्रीज, दिवे आणि नकाशा दाखवणारा प्लॉटर भागवायचे असतात. लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, त्यामुळे 200 अँपिअर-अवरच्या बॅटरीतले 100 च खरे आपले. आभाळ भरून आलं की पॅनेलचं उत्पन्न निम्म्याच्याही खाली जातं. अंदाजाची गरज सर्वांत जास्त असते ती नेमकी त्याच दिवशी.

उपाय सोपा आहे. डिश सकाळ-संध्याकाळ तासभरच चालू ठेवायची. मिनीला त्यासाठी दिवसाला पाचेक अँपिअर-अवर पुरतात. इन्व्हर्टर मध्ये न घालता थेट डीसी पुरवठा द्यायचा, आणि डिश शिडाच्या सावलीत येणार नाही अशी मागच्या कमानीवर बसवायची.

पण एवढं करूनही ती एकच वाट राहते. 24 जुलै 2025 रोजी स्टारलिंकच्या मुख्य जाळ्यातलं सॉफ्टवेअर कोलमडलं आणि सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद होती. त्या वेळी डिश, केबल, बॅटरी सगळं शाबूत असलेल्या नौकाही गप्प झाल्या. म्हणून दुसरी वाट वेगळ्या कंपनीच्या उपग्रहांवरून जाणारी आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारी हवी.

"विंडी असताना ग्रिब कशाला?"

हा प्रश्नच चुकीच्या समजुतीतून येतो. विंडी स्वतः अंदाज वर्तवत नाही. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस अशा मॉडेलांनी काढलेले आकडे ते रंगवून दाखवतं. ग्रिब फाइलमध्येही अशाच मॉडेलांचे आकडे असतात, फक्त रंगरंगोटीशिवाय आणि अगदी थोड्या जागेत.

ती जागा किती, ते प्रत्यक्ष मोजून पाहण्यासारखं आहे. 10 अंश बाय 10 अंशांचा चौकोन घ्या, दर एका अंशाला एक बिंदू. 11 गुणिले 11, म्हणजे 121 बिंदू झाले. वाऱ्याचे दोन घटक आणि हवेचा दाब मिळून तीन आकडे. तीन दिवसांचा अंदाज दर सहा तासांनी घेतला तर 13 वेळा. एकूण 4719 आकडे, म्हणजे सहा-सात किलोबाइट. वर म्हटलेल्या दुसऱ्या वाटेचं, जुन्या इरिडियम गो सारखं उपग्रह-उपकरण सेकंदाला 2.4 किलोबिट, म्हणजे जेमतेम 300 बाइट वाहतं. त्यावरही जोडणी लागल्यानंतर ही फाइल अर्ध्या मिनिटात येते. तोच चौकोन पाव अंशाने मागवला की आकडे 65,559 होतात, फाइल चौदापट फुगते, वेळ पाच-सहा मिनिटांवर जातो आणि मध्येच जोडणी तुटण्याचा धोका वाढतो. खुल्या समुद्रात एक अंश पुरतो. पाव अंश किनारा जवळ आल्यावर घ्यावा.

या संथ वाटेवर घात होतो तो दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे अँटेनाची केबल. आरजी-58 जातीची पातळ केबल दहा मीटर ओढली, तर निम्म्याहून बराच जास्त सिग्नल केबलमध्येच जिरतो. तिथे एलएमआर-400 किंवा तिच्या तोडीची जाड केबल हवी आणि प्रत्येक कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप हवी, नाहीतर खारं पाणी आत शिरून तांबं हिरवं पडतं. दुसरं ठिकाण म्हणजे आपलाच फोन. तो पाठीमागून फोटो आणि अॅपचे अपडेट पाठवू-मागवू लागतो आणि सगळा वेळ खाऊन टाकतो. उपकरणाच्या फायरवॉलमध्ये मेल आणि हवामानाचं अॅप सोडून बाकी सगळं बंद ठेवा.

फाइल कधी मागवायची यालाही महत्त्व आहे. जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं: 00, 06, 12 आणि 18 यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार. 00 ची रन, म्हणजे त्या वेळची गणना, भारतीय वेळेनुसार पहाटे 5:30 ची असते, पण हाताशी यायला चार-पाच तास जातात. सकाळी सातला मागवलेली फाइल आदल्या रात्रीच्या आकड्यांची असते, हे फाइलवरची वेळ पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि विंडी असो वा ग्रिब, दोन्हींची मर्यादा एकच. वारा दिसतो तो दहा मीटर उंचीवरचा, सरासरी. झोत त्याहून 40 टक्के जोरकस असू शकतो, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने शिडावरचा भार जवळपास दुप्पट होतो. 20 नॉट (तासाला 20 सागरी मैल) दिसत असताना शीड 28 नॉटच्या हिशेबाने आखडून ठेवायचं ते यासाठी. पाव अंश म्हणजे सुमारे 28 किलोमीटर. ढगफुटीचा एखादा पट्टा किंवा चक्रीवादळाचा गाभा त्या जाळीतून निसटतो. तौक्ते वादळ 14 मे 2021 ला लक्षद्वीपजवळ नुसतं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचा पट्टा होतं, 17 मेच्या रात्री ते अत्यंत तीव्र होऊन गुजरातच्या किनाऱ्याला धडकलं. सहा नॉटने जाणारी नौका तेवढ्या वेळात साडेचारशे-पाचशे मैलच सरकते.

म्हणून माणसांनी लिहिलेला इशारा हवाच. उत्तर हिंदी महासागरासाठी भारतीय हवामान खातं तो जारी करतं आणि तो सेफ्टीनेट या सागरी सुरक्षा-संदेश सेवेवरून उपग्रहामार्फत मिळतो. किनाऱ्यापासून अडीचशे मैलांपर्यंत 518 किलोहर्ट्झवरचा नॅवटेक्स, म्हणजे रेडिओवरून येणारे लेखी इशारेही चालतात. वेंगुर्ल्यालाही नॅवटेक्सचं केंद्र आहे आणि रिसीव्हर घेतल्यावर वर्गणी लागत नाही.

बॅरोमीटर भंगारात काढायला सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो, साधारण दहा वाजता वर आणि चार वाजता खाली. ही भरती-ओहोटी वजा करूनही दाब हंगामी सरासरीपेक्षा 3 मिलिबार खाली असेल तर संशय घ्यावा. 5 खाली असेल तर वादळ जवळ आहे असंच धरून चालावं. दर तासाला वहीत नोंद केली तरच हे कळतं.

"फोनमध्ये एसओएस आहे, ईपर्ब नको"

या संदेशातला सर्वांत घातक दावा हाच. आयफोनची ही सोय ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवरून चालते. ते उपग्रह संदेश पुढच्या उपग्रहाकडे देत नाहीत, थेट जमिनीवरच्या केंद्राकडे परतवतात. केंद्र उपग्रहाच्या नजरेत नसेल, तर भर महासागरात संदेश पुढे जातच नाही. भारतात ही सोय सुरूच नाही. शिवाय ओल्या हातांनी, हेलकावत्या नौकेत फोन उपग्रहाच्या दिशेने धरून ठेवावा लागतो.

ईपर्ब 406 मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-बचाव यंत्रणेला हाक देतो आणि निदान 48 तास देत राहतो. जीपीएसवाला असेल तर जागा शंभरेक मीटरपर्यंत कळते, शिवाय 121.5 मेगाहर्ट्झवरच्या खुणेने बचावपथक शेवटचं अंतर कापतं. भारतात हे संदेश बंगळुरूच्या इस्रो केंद्राकडे येऊन तटरक्षक दलाकडे जातात. एकट्याने शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करणारे भारतीय नाविक अभिलाष टॉमी 2018 च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठ्या मोडून आणि पाठीला जबर मार लागून पडले. त्यांनी ईपर्ब चालू केला होता आणि छोट्या टेक्स्टिंग उपकरणावरून चार शब्द पाठवता आले होते. तीन दिवसांनी फ्रेंच मासेमारी गस्तनौका ओसिरिसने त्यांना उचललं.

मात्र ईपर्बची नोंदणी अद्ययावत नसेल तर शोध घेणाऱ्यांना कोणाला फोन करावा हे कळत नाही. सफरीला निघण्यापूर्वी त्याच्या बॅटरीची आणि हायड्रोस्टॅटिक रिलीजची (पाण्याच्या दाबाने ईपर्ब आपोआप मोकळा करणाऱ्या खटक्याची) मुदत पाहा.

"उपग्रहाला कुठे सीमा असते?"

कायद्याला असते. इरिडियम आणि थुराया फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. 26/11 नंतर नौवहन महासंचालनालयाने भारतीय जलक्षेत्रात त्यांच्या वापरावर बंदीचा आदेशही काढला. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन महिलेला केवळ गार्मिन इनरीच या उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणापायी ताब्यात घेतलं गेलं. स्टारलिंक कंपनीला जून 2025 मध्ये परवाना मिळाला, पण म्हणून परदेशात घेतलेली डिश इथे आणून लावायला परवानगी मिळाली असं होत नाही. भारतातून निघताना कायदेशीर मार्ग बीएसएनएलमार्फतच्या इनमारसॅट फोनचा आहे. बाहेरून येणाऱ्या नौकेने असं प्रत्येक उपकरण कस्टम्ससमोर आपणहून घोषित करावं आणि बंद ठेवावं.

"घरच्यांना लाइव्ह लोकेशन दिसतंच"

दिसतं तोवर ठीक. बॅटरी वाचवायला डिश बंद केली की नकाशावरचा ठिपका थांबतो आणि घरात घबराट उडते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी एका माणसाकडे एक कागद द्यावा: नौकेचं नाव, रंग, एमएमएसआय (नौकेचा रेडिओ-ओळख क्रमांक), ईपर्बचा क्रमांक, माणसांची नावं आणि औषधं, ठरलेला मार्ग. संदेश सकाळी आठ आणि रात्री आठला, प्रत्येकात स्थान, दिशा, वेग आणि दाब. एक संदेश चुकला तर काहीच करायचं नाही. सलग दोन चुकले तर दुसऱ्या उपकरणावर विचारायचं. 24 तास शांतता असेल तर मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राला शेवटचं स्थान कळवायचं. किनाऱ्यावरून तटरक्षक दलाचा टोल-फ्री क्रमांक 1554.