ॲसिटोनच्या बोळ्याने स्केटबोर्डचे वय कळत नाही

‘जुना स्केटबोर्ड अस्सल की बनावट, घरबसल्या पाच मिनिटांत ओळखा’ अशा मथळ्याचा एक निनावी मजकूर सध्या समाजमाध्यमांवर जोरात फिरतो आहे. त्यात पाच कसोट्या आहेत: चित्रावर नेलपॉलिश रिमूव्हर घासावे आणि रंग निघाला तर माल बनावट समजावा, चित्रात छापलेले साल हेच निर्मितीचे साल, चाके पिवळी पडली असतील तर ती जुनी, ओरखडे भरपूर असतील तर बोर्ड अस्सल, आणि कंपनीने पुन्हा काढलेली आवृत्ती म्हणजे सरळसरळ नक्कल. सॅन होजेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने यातली पहिली कसोटी शेजाऱ्यांच्या गराज सेलमधून आणलेल्या, स्केटबोर्डपटू रॉब रॉस्कॉपच्या नावाच्या सांता क्रूझ कंपनीच्या डेकवर, म्हणजे स्केटबोर्डच्या लाकडी फळीवर, करून पाहिली आणि ‘मामा, हा तर डुप्लिकेट निघाला’ असे फोनवर सांगितले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

त्या पहिल्या कसोटीइतका घातक सल्ला या छंदात मी दुसरा ऐकलेला नाही. १९८०च्या दशकात पॉवेल पेराल्टा, सांता क्रूझ, व्हिजन यांसारख्या कॅलिफोर्नियातील कंपन्या डेकच्या तळावरचे चित्र स्क्रीन प्रिंटिंगने छापत असत. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी आणि शाई थेट लाकडावर. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते आणि ॲसिटोन अशा शाया व त्यांच्यावरचे लाखेचे लेप विरघळवते. म्हणजे बोर्ड जितका अस्सल, तितका या ‘परीक्षेत’ त्याचा रंग निघण्याचा संभव अधिक. भाच्याने पाठवलेल्या फोटोत कापसाचा बोळा लालभडक झाला होता आणि चित्रकार जिम फिलिप्स यांनी त्या डेकवर काढलेल्या, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या वर्तुळाच्या कडेला नखाएवढा पांढुरका डाग पडला होता. अशा डेकची बहुतेक किंमत त्याच्या चित्रात असते. फारसे न वापरलेले दुर्मीळ डेक हजारो डॉलरना जातात, आणि तेच चित्र पुसून टाकण्याचा सल्ला हा मजकूर बिनदिक्कत देतो.

मजकूर लिहिणाऱ्याच्या कानावर छपाईविषयी काहीतरी अर्धवट पडले असावे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक कंपन्या उष्णतेने चिकटवायच्या छापील फिल्मकडे वळल्या, त्यामुळे ‘१९८६चा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डेकवर तशी फिल्म दिसली तर संशय घ्यायलाच हवा. पण ते पाहायला रसायन लागत नाही. स्क्रीनने छापलेल्या लग्नपत्रिकेवरची अक्षरे जशी बोटाला किंचित उंच लागतात, तशा जुन्या डेकवर रंगांच्या कडा नखाला जाणवतात. फिल्मचा पृष्ठभाग सलग असतो. तरीही नखाला कडा लागली म्हणून हुरळून जाऊ नये, कारण नव्याने काढलेल्या आवृत्त्यांपैकी काही आजही स्क्रीननेच छापल्या जातात.

त्यापेक्षा मोजपट्टी घ्यावी. चाकांचा आस धरणारा धातूचा भाग, म्हणजे ट्रक, चार बोल्टांनी डेकला बसवलेला असतो. या चार भोकांमधले आडवे अंतर जुन्या-नव्या दोन्ही बोर्डांत साधारण ४१ मिलिमीटर असते, परंतु लांबीच्या दिशेचे अंतर जुन्या पद्धतीत ६३.५ मिलिमीटर होते आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ५४ मिलिमीटरवर आले. फक्त नव्या अंतराची भोके असलेला डेक कोणी ऐंशीच्या दशकातला म्हणून विकत असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. उलट बाजूने मात्र हा पुरावा तितका बळकट नाही, कारण नव्या आवृत्त्यांना कधी जुन्या अंतराची, तर कधी दोन्ही अंतरांची भोके पाडलेली असतात.

सालाची गोष्ट तर निव्वळ हास्यास्पद आहे. चित्राच्या कोपऱ्यात स्वामित्वहक्काच्या चिन्हाशेजारी छापलेले साल चित्राचे असते, लाकडाचे नव्हे. तेच चित्र पुढे कितीही वर्षे छापले, तरी साल बहुधा तेच राहते. डेक कोणत्या वर्षीचा हे ठरवायचे असेल, तर सान फ्रान्सिस्कोहून जानेवारी १९८१ पासून निघणाऱ्या ‘थ्रॅशर’ मासिकाचे जुने अंक चाळावेत. त्यातल्या कंपन्यांच्या जाहिरातींत डेकचा बाह्याकार, नाकाची म्हणजे पुढच्या टोकाची लांबी, चित्राची मांडणी समोरच दिसते, आणि हातातल्या डेकचा आकार तिथल्या आकाराशी जुळत नसेल तर विक्रेत्याने त्याचे कारण सांगावे.

पिवळ्या चाकांविषयी फार लिहायला नको. चाके ज्या प्लास्टिकची असतात ते पॉलियुरेथेन उन्हात पिवळे पडतेच, आणि चाके बदलता येतात. फ्रँक नॅसवर्दी यांची ‘कॅडिलॅक’ चाके १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आल्यावर असली चाके रुळली; तेव्हा ‘१९६५चा, सर्व भाग मूळचे’ असलेल्या बोर्डला युरेथेनची चाके असतील तर ती नंतरची, पण तेवढ्याने फळी बनावट ठरत नाही.

ओरखडे मोजायचे नसतात, ते कुठे आहेत ते पाहायचे असते. खऱ्या वापराने शेपटीची, म्हणजे मागच्या टोकाची, कड जमिनीवर घासून धारदार होते, दोन ट्रकांच्या मधला भाग कठड्यांवरून सरकून खरवडतो, प्लास्टिकच्या पट्ट्या बसवल्या असतील तिथे स्क्रूची बारीक भोके राहतात. सँडपेपरने ‘जुना’ केलेल्या बोर्डवर रेघा सगळीकडे सारख्या आणि एकाच दिशेने जातात. ट्रक काढल्यावर त्याच्या पट्टीखाली आयताकृती ठसा आणि त्यात बाहेरच्यापेक्षा ताजा, न विटलेला रंग दिसला, तर ती खूण सहजी नकली करता येत नाही. भाच्याच्या डेकवर तो ठसा स्पष्ट आहे, शेपूट झिजलेली आहे आणि भोके फक्त जुन्या अंतराची आहेत. तो डुप्लिकेट मानण्याचे मला तरी काहीच कारण दिसत नाही.

राहता राहिली पुन्हा काढलेली आवृत्ती. पॉवेल पेराल्टा आणि सांता क्रूझ या दोन्ही कंपन्या आपलीच जुनी चित्रे उघडपणे पुन्हा छापून विकतात. मूळ मालकाने काढलेल्या वस्तूला नक्कल म्हणणे चूक आहे. लबाडी सुरू होते ती कोणीतरी असा नवा डेक घासून, मळवून, ‘काकांच्या माळ्यावर सापडला’ म्हणून मूळच्या भावाने विकायला काढतो तेव्हा. म्हणून पैसे देण्याआधी ट्रक काढून, भोकांशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला तळाचा फोटो मागावा, आणि विक्रेता तो देण्यास टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा.