अमुक पान, तमुक ओळ

त्या वर्षी मी साधारण चारशे वेळा मेलो. त्यातले निम्मे मृत्यू विषप्रयोगाने.

साल 1992, गाव डोंबिवली. मन्याचे काका टॅक्सची कामं करायचे आणि त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, चौकोनी टॉवेल पांघरलेला. शनिवारी काका जेवून आडवे झाले की दोन तास तो आमचा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम आमच्यापर्यंत सव्वापाच इंची फ्लॉपीवरून आला होता. कोणीतरी कोणाकडून तरी उतरवून घेतलेला. लेबलवर मन्याने लिहिलं होतं ‘टॅक्स बॅकअप 2’. काकांना संशय नको म्हणून.

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने हा गेम 1989 साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला आणि पुढच्या वर्षी तो डॉसवर, म्हणजे काकांकडच्यासारख्या पीसीवर आला. 60 मिनिटांत राजकन्या सोडवायची. पहिली लेव्हल संपली, दार उघडलं, आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. पुढे राजपुत्र एका दालनात आला. तिथे बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. खाली ओळ उमटली: पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतल्या ढमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्या.

‘‘कसली पुस्तिका?’’ मन्या म्हणाला.

पुस्तिका खोक्यात असते, आणि खोकं गेम विकत घेणाऱ्याकडे. आमच्या ओळखीत गेम विकत घेतलेला मनुष्यच नव्हता. चुकीची बाटली प्यायली की एक प्राण कमी, आणि प्राण तीन.

गेमची चोरून कॉपी होऊ नये म्हणून याआधीचे कंपनीवाले निदान फ्लॉपीशी भांडायचे. ते फ्लॉपीवर मुद्दाम एक बिघडलेला सेक्टर, म्हणजे साठवणीचा तुकडा ठेवत. कॉपी करताना तो बिघाड उतरत नसे. गेम सुरू होताना बिघाड शोधायचा. सापडला तर मालक, नाही सापडला तर चोर. खोट नसणं हीच खोट! मग तो बिघाडही जसाच्या तसा उतरवणारे ‘कॉपी टू पीसी’सारखे प्रोग्राम निघाले, आणि ते चक्क दुकानात विकत मिळायचे. कमोडोर 64 या घरगुती कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हचे आणखी हाल. असली खोट वाचताना त्याचं हेड अडसरावर खडखडखड आपटायचं आणि कालांतराने जागेवरून सरकायचं. म्हणजे इमानदारीने पैसे मोजलेल्याचाच ड्राइव्ह दुरुस्तीला.

तेव्हा कागद बरा, असं ठरलं असावं. ‘सिमसिटी’ या गेमच्या खोक्यात गडद लाल कागदावर खुणा छापलेल्या असत, झेरॉक्स काढली की सगळं काळं. ‘मंकी आयलंड’मध्ये चाच्यांच्या तोंडांची फिरती चकती. आणि आमच्या नशिबी बाटल्या.

मन्याने सिद्धान्त मांडला. इंग्रजीत उठसूट ‘द’ येतो, म्हणून टीची बाटली दिसली की प्यायचीच. या सिद्धान्तापायी राजपुत्राने जितकं विष पचवलं तितकं मीरेनेही पचवलं नसेल. शेवटी मी दोनशे पानी वही घातली. चार रकाने: पान, ओळ, शब्द, अक्षर. चुकलेल्या अक्षरावर काट, बरोबर आलेल्याभोवती गोल. प्रश्न ठरावीकच होते, फिरून फिरून तेच यायचे. पावसाळा संपेपर्यंत आमचा अपेक्षित प्रश्नसंच तयार झाला. न पाहिलेल्या पुस्तिकेतल्या शब्दांची पहिली अक्षरं मला तोंडपाठ होती.

वही एकदा बाबांच्या हाती लागली. पान, ओळ, शब्द असे रकाने बघून ते गहिवरले. ‘‘ओळ न् ओळ करतोय हो इंग्रजीची,’’ त्यांनी आईला सांगितलं. त्या रविवारी मला श्रीखंडाची दुसरी वाटी मिळाली. चाचणीत इंग्रजीत 41 पडले, तेव्हा दोन्ही वाट्यांचा हिशेब झाला.

(आपल्या कायद्याने 1984 सालीच कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीत गणलं, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे आम्ही साधी चोरी करत नव्हतो, वाङ्मयचौर्य करत होतो. जरा प्रतिष्ठा वाटली.)

गेम कधीच पूर्ण झाला नाही. बाटल्यांचं दालन आम्ही डोळे मिटून पार करायचो, पण पुढे जमिनीतून वर येणारे सुळे होते. राजपुत्र धावत जायचा आणि खिळ्यावर लावलेल्या बिलासारखा लटकायचा. माझे उरलेले मृत्यू बहुतेक तिथलेच.

परवा इंटरनेटवर त्या पुस्तिकेची स्कॅन केलेली पानं सापडली. तीस वर्षांनी तिचं तोंड पाहिलं. आधी अक्षरं ताडून पाहिली. मग म्हटलं, आलोच आहोत तर वाचूही. वाचता वाचता थांबलो आणि मन्याला फोन लावला. तो आता ठाण्यात सीए आहे.

‘‘मन्या, शिफ्टचं बटण.’’

‘‘बाटली प्यायचं. त्याचं काय?’’

‘‘तेच धरून बाण दाबला की तो जपून एकेक पाऊल टाकतो. सुळ्यांमधून चालत जातो. काही होत नाही त्याला.’’

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

‘‘कितव्या पानावर आहे?’’ मन्याने विचारलं. मी सांगितलं.

‘‘ओळ?’’