सातपूरकर भाऊ, तुमच्या मेहुण्यांच्या ४० हजारांबद्दल

सातपूरकर भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि झोप उडाली. पेन्शनवर पोर्तुगालमध्ये राहण्याचा परवाना मिळतो, हा माझा लेख वाचून तुमचे मेहुणे एका एजंटाकडे गेले, ४० हजार भरून आले, आणि आता तो फोन उचलत नाही. "तुम्ही मास्तर मंडळी सरकारचं पेन्शन खाऊन नाशिक सोडणार आणि आमच्यासारख्यांना आशेला लावणार," असं तुम्ही लिहिलंत. परदेशी गेलं की पेन्शन बंद होतं हे मी लपवलं, असंही तुमचं म्हणणं आहे.

आधी पैशांचं बोलते, कारण तिथे चूक माझी आहे. लेखभर मी 'पेन्शन' म्हटलं, पण कोणतं पेन्शन ते एकदाही लिहिलं नाही. लिहिताना डोळ्यांसमोर आमचंच घर होतं. यजमान नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. तुमचे मेहुणे सातपूरच्या कंपनीतले, म्हणजे ईपीएस ९५, पीएफ कार्यालयाकडून मिळणारं कंपनी कामगारांचं पेन्शन. तिथे बहुतेकांचा हिशेब २०१४ पासून १५,००० रुपयांच्या मर्यादेवर होतो: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पूर्ण ३५ वर्षं धरली तरी ७,५०० रुपये. मेहुण्यांना तर ३,१०० मिळतात.

पोर्तुगालच्या डी-७ व्हिसासाठी, म्हणजे पेन्शन-भाड्यासारख्या उत्पन्नावर तिथे राहण्याच्या व्हिसासाठी, अर्जदाराचं उत्पन्न निदान तिथल्या किमान वेतनाइतकं लागतं. २०२४ साली ते महिना ८२० युरो होतं, आम्ही अर्ज केला त्या २०२५ साली ८७०. जोडीदारासाठी वर त्याच्या निम्मं. म्हणजे दोघांचे १,३०५ युरो. युरो १०० रुपयांना धरला तरी १ लाख ३० हजार, आणि तेही दर महिन्याला. यजमानांचे ६२ हजार आणि माझे ४८ हजार मिळून आमचेही एवढे होत नव्हते. गंगापूर रोडच्या फ्लॅटचं २२ हजार भाडं, नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्सच्या कागदासह दाखवलं, तेव्हा कुठे बेरीज जमली. शिवाय तिथल्या बँकेत वर्षभराची रक्कम आणि तिथल्या घराचा भाडेकरार. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, समोर ठेवला की हे गणित पाच मिनिटांत कळतं. तुमच्या मेहुण्यांचा पीपीओ त्या एजंटाने मागितलासुद्धा नाही, हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भाऊ, त्यांचा मुलगा कॅनडात आहे ना? मग पोर्तुगालचं नाव निघालंच का? कॅनडात आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो. त्यात वडिलांचं पेन्शन किती हा मुख्य प्रश्न नसतो, मुलाचं उत्पन्न पाहतात. मुलाने निमंत्रणाचं पत्र द्यायचं, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढायचा, वैद्यकीय तपासणी करायची. एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. हा कायमचा परवाना नव्हे, तिथे नोकरी करता येत नाही. पण नातवंडांजवळ राहायचं असेल तर मेहुण्यांचा रस्ता हा आहे, आणि अर्ज मुलगा घरबसल्या भरू शकतो.

"तुम्हाला काय, कागद तयारच असणार," हे मात्र मला लागलं. आमचं लग्न १९८४ चं. तेव्हा नोंदणी कोण करत होतं? व्हिसाला विवाहाचा दाखला हवा, म्हणून पंचवटीतल्या जुन्या घरी सासूबाईंची पत्र्याची पेटी उपसली. तळाशी लग्नपत्रिका सापडली, कोपऱ्याला हळदीचा डाग तसाच. पण तीवर माझं नाव 'चि. सौ. कां. बेबी'. शाळेच्या दाखल्यावर वेगळं, पासपोर्टवर सासरचं वेगळं. या तिन्ही एकच बाई आहेत याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. लग्न लावणारे गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली, त्याचं दुसरं प्रतिज्ञापत्र. साक्षीदार तीन लागतात; तिसऱ्या म्हणून माझ्या ७८ वर्षांच्या नणंदबाई सिन्नरहून एसटीने आल्या आणि महापालिकेच्या जिन्यात धाप लागून बसल्या. त्यांच्या हातात पाण्याची बाटली देताना मला रडू आलं होतं. यजमानांचा जन्मदाखला हा वेगळाच घोळ, कारण शाळेत मास्तरांनी लावलेली तारीख १ जून, आमच्या पिढीत घरोघरी असते तशी. मग मंत्रालयातून साक्षांकन आणि परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. सगळ्याला सात महिने गेले. ज्यांना हे करायचंय त्यांनी विवाह नोंदणी आजच करून ठेवा, परदेशी जा किंवा जाऊ नका.

पेन्शन बंद होत नाही, भाऊ. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, तो तिथल्या भारतीय वकिलातीतून देता येतो. मात्र बँकेला कळवून साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं. न कळवता जुनंच चालवणं नियमात बसत नाही, आणि हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं.

आणि 'पेन्शन खाऊन' हा शब्द कृपा करून मागे घ्या, तुमच्या मेहुण्यांसाठीसुद्धा. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ ला सांगितलं. तो दिवस आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो. हक्काचे पैसे माणूस लेकीजवळ बसून खर्च करो की गोदाकाठी, त्यात चोरी कसली? आमची एकुलती एक लेक पोर्तुगालमधल्या ब्रागाला आहे आणि श्रावणात तिचं बाळंतपण आहे. पंचवटीचं घर विकलेलं नाही. पहिल्या परवान्याच्या दोन वर्षांत सलग ६ महिने किंवा एकूण ८ महिन्यांहून जास्त बाहेर राहता येत नाही, ते दिवस मोजून २०२७ च्या सिंहस्थाला आम्ही इथेच असणार आहोत.

आता मेहुण्यांचे ४० हजार. एजंटाने पावती दिली असेल ती जपा. नसेल तर यूपीआयची किंवा बँकेची नोंद काढा आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. आधी पैसे परत मागणारं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पत्राचा मसुदा मी लिहून देते. मेहुण्यांनी एजंटाला काय काय दिलं आणि त्याने कबूल काय केलं होतं, ते तारखेनिशी याच खाली लिहा, नावं आणि नंबर वगळून. लेखात पेन्शनच्या प्रकारांची दुरुस्ती मी आज सकाळीच सगळ्यात वर घातली आहे.