तानपुरा 432 वर लावत नसतात

इंदूरच्या आपल्या मराठी गटांत आठवडाभर एक संदेश फिरतोय : भारतीय तानपुरा मुळात 432 हर्ट्झवर लावत, रेकॉर्डिंगवाल्यांनी तो 440 वर नेला आणि रागांचा परिणाम गेला. शास्त्रीय गायन ध्वनिमुद्रित करणं हेच माझं काम, म्हणून सांगतो : हे खरं नाही.

आपल्याकडे षड्ज, म्हणजे 'सा', गाणाऱ्याचा गळा ठरवतो. कुणी पेटीच्या काळी एकमध्ये (पहिल्या काळ्या पट्टीत) गातं, कुणी काळी चारमध्ये. 440 हा पाश्चात्त्य संगीतातल्या 'ए' सुराचा संकेत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक 1975 चं. पेटी त्यावर लावलेली असते आणि तानपुरा पेटीशी जुळवतात, एवढाच संबंध. 432 आणि 440 मधला फरक अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. राग सुरांमधल्या अंतरांवर उभा राहतो आणि ती अंतरं बदलतच नाहीत.

परवा क्लासमधल्या एका मुलीने विचारलं, "काका, आजोबांच्या कॅसेटी 432 करून घेऊ का?" नको गं! वेग कमी करून केलंस तर लय जवळजवळ दोन टक्क्यांनी रेंगाळेल. जुन्या टेपरेकॉर्डरचा वेग आधीच मागेपुढे व्हायचा. त्यामुळे मैफलीतली पेटी ऐकून मूळ षड्ज शोधणं, हे खरं कौशल्याचं काम.

या क्षेत्रात यायचं असेल तर आधी जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो घुमारेदार नाद, ऐकायला शिका. तार जिच्यावर टेकते त्या घोडीवरचा दोरा केसभर सरकला की बंद आवाज एकदम खुलतो, तारेतून गंधार ('ग') ऐकू येऊ लागतो. तो माइकमध्ये जसाच्या तसा उतरवायला मला कित्येक वर्षं लागली.